पावतीवरची सही: पी-२५६ च्या कोडच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार. फोंडा

सहीच्या कोडचे काम आजपासून माझ्याकडे आले. यंत्र आमचेच आहे. ते दूध संकलन केंद्रावर बसते, त्याला वजनकाटा आणि फॅट मोजणारे उपकरण जोडलेले असते, आणि दर शेतकऱ्यामागे ते एक पावती छापते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम. यंदापासून पावतीच्या क्यूआर कोडमध्ये डिजिटल सही जाणार आहे. पावती कुठेही नेली तरी तिच्यावरचा आकडा यंत्रातूनच निघाला आहे, हे तपासता आले पाहिजे.

सही ईसीडीएसए पद्धतीची आहे, म्हणजे एका ठरावीक वक्रावरच्या बिंदूंच्या गणितातून, गुप्त किल्ली वापरून निघणारी. वक्र पी-२५६. एड२५५१९ ही दुसरी पद्धत मिळाली असती तर बरेच काम वाचले असते, पण पलीकडची देयकप्रणाली फक्त पी-२५६ ओळखते. त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

एक गोष्ट पहिल्या पानावरच लिहून ठेवतो. बँकेचा सर्व्हर कुलूपबंद खोलीत असतो. आमचे यंत्र मात्र गावातल्या एका खोलीत टेबलावर असते आणि दुपारभर तिथे कोणीही नसते. ज्याच्या टेबलावर ते आहे, त्यालाच खोटी पावती काढण्यात फायदा असू शकतो. केंद्रांचे सचिव बहुतेक प्रामाणिकच असतात, पण गणित त्यांच्या प्रामाणिकपणावर टेकवायचे नाही. यंत्राला लागणारा वेळ, ते ओढत असलेली वीज, त्याचा लुकलुकणारा दिवा हे सगळे समोरच्याला दिसते, असे धरूनच कोड लिहायचा.

वेळेची मर्यादा १०० मिलिसेकंद. वजनकाट्याचे वाचन तेवढ्या अंतराने येते. सही त्यात बसली तर एकाच लूपमध्ये सगळे काम भागते.

११ जून

आधी मोजणी. चिप ८४ मेगाहर्ट्झची कॉर्टेक्स-एम४. तिच्यातच सायकली (चिपच्या घड्याळाचे ठोके) मोजणारा काउंटर आहे, तो चालू केला, इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद केले आणि आम्हाला मिळालेल्या लायब्ररीने हजार सह्या काढल्या. एका सहीला सरासरी १ कोटी ६० लाख सायकली, म्हणजे १९० मिलिसेकंद.

हे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. पण मला जास्त खटकला तो दुसरा आकडा: सर्वांत जलद आणि सर्वांत संथ सहीत २८ मिलिसेकंदांचा फरक. संदेशाची, म्हणजे सही करायच्या मजकुराची, लांबी तीच, किल्ली तीच. मग बदलतंय काय? बदलतो फक्त के.

के म्हणजे प्रत्येक सहीसाठी नव्याने निवडलेली गुप्त संख्या. मूळ बिंदू स्वतःतच के वेळा मिळवला की एक नवा बिंदू मिळतो, आणि त्याच्या पहिल्या निर्देशांकावरून सहीचा अर्धा भाग बनतो. दुसऱ्या अर्ध्यात के, संदेशाचा हॅश (संदेशावरून काढलेली ठरावीक लांबीची संख्या) आणि गुप्त किल्ली एका साध्या समीकरणात बांधलेले असतात. के कळला की उरते एकच अज्ञात, आणि ते आठवीच्या बीजगणिताने सुटते. प्लेस्टेशन ३ च्या बाबतीत हेच झाले: सोनीच्या सह्यांमध्ये के दर वेळी तोच होता, आणि २०१० च्या डिसेंबरात ते जगासमोर आले.

आमच्या लायब्ररीत के चा प्रत्येक बिट वाचून बिंदू दुप्पट केला जातो, आणि बिट एक असेल तरच बेरीज होते. के मध्ये एक जास्त, तर वेळ जास्त.

१३ जून

चिपच्या वीजपुरवठ्यात एक ओहमचा रेझिस्टर घातला आणि ऑसिलोस्कोपवर एका सहीचा आलेख पाहिला.

शाळेत वृत्त ओळखताना ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायचो. पडद्यावर अगदी तेच दिसत होते. दुप्पट करण्याचा उंचवटा आखूड, बेरजेचा लांब. आखूडमागे आखूड आला की बिट शून्य, आखूडमागे लांब आला की बिट एक. पेन्सिल घेऊन पहिले चाळीस बिट्स कागदावर उतरवले आणि डीबगरमधून खरा के काढून शेजारी ठेवला. चाळीसच्या चाळीस जुळले.

यात हुशारी काहीच लागली नाही. एक रेझिस्टर, एक सही आणि अर्धा तास. दुपारी सर्वांना बोलावून तो आलेख दाखवला. फर्मवेअर बघणारी सहकारी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे ही किल्ली आपण छापूनच देतोय की रे."

जुनी लायब्ररी बसवलेले एकही यंत्र बाहेर जाणार नाही, असे आजच ठरले.

१७ जून

कोडला हात लावण्याआधी चाचण्या. वायचेप्रूफचे तपासणी-संच घेतले. गूगलमधल्या मंडळींनी २०१६ मध्ये ते उघडे केले, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका चिमुकल्या टेकडीवरून नाव ठेवले. जुन्या चुका पुन्हा पकडण्यासाठीच ते बनवलेले आहेत.

सही तपासणारा भाग दोन ठिकाणी पडला. एक म्हणजे सहीतल्या आर आणि एस या संख्या शून्य तर नाहीत ना, मर्यादेत आहेत ना, हे पाहिलेच जात नव्हते. ही चूक लहान नव्हे. २०२२ मध्ये जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांत नेमकी हीच सापडली होती, आणि दोन्ही आकडे शून्य असलेली सही कुठल्याही संदेशाला खरी ठरत होती. दुसरी चूक अशी की बेरीज करायचे दोन बिंदू योगायोगाने एकच निघाले, तर बेरजेचे सूत्र शून्य देते. तिथे दुप्पट करण्याचे सूत्र वापरायला हवे, पण कोडला ते ठाऊकच नव्हते.

के यंत्राच्या घड्याळावरून निवडला जात होता. तो भाग काढून २०१३ च्या आरएफसी ६९७९ या दस्तऐवजाप्रमाणे किल्ली आणि संदेश यांच्यावरूनच के काढायला सुरुवात केली. या चिपमध्ये यादृच्छिक संख्या देणारे हार्डवेअर नाही, त्यामुळे सध्या तरी हाच भक्कम मार्ग. आरएफसीतच नमुना उत्तरे छापलेली आहेत, सगळी जुळली.

२४ जून, सांजाव (गोव्यातला सण)

बाहेर धो धो पाऊस, वाड्यावाड्यांत विहिरीत उड्या चालू असतील. दुपारी दोनदा लाईट गेली.

लघु-गुरू मोडून काढायला मॉन्टगोमेरी लॅडर लिहिली. पीटर मॉन्टगोमेरी यांनी १९८७ मध्ये ती मांडली होती, तीही मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासाठी. बिट काहीही असो, दर पायरीला एक बेरीज आणि एक दुप्पट. आलेख सपाट झाला आणि मला हायसे वाटले.

संध्याकाळी लक्षात आले की सपाट आलेखाचीही लांबी बदलते आहे. लॅडर के च्या पहिल्या एकपासून सुरू होत होती. सुरुवातीला चार शून्ये असली की चार पायऱ्या कमी. एका पायरीला एक मिलिसेकंद लागतो, आणि सही चालू असताना यंत्रावरचा हिरवा दिवा पेटलेला असतो! दिव्याच्या पिनवर लॉजिक अॅनालायझर लावला, तर के किती बिटांचा आहे ते सरळ वाचता येत होते.

एवढ्याशा माहितीने काय होते याचा हिशेब मांडतो. एका केंद्रावर साठ शेतकरी धरले आणि सकाळ-संध्याकाळ संकलन, तर दिवसाला १२० सह्या. चौदा दिवसांत १,६८०. सोळांतल्या एका सहीत के ची पहिली चार बिट्स शून्य असतात, म्हणजे अशा १०५ सह्या. प्रत्येकीतून चार बिट्सची माहिती मिळते, एकूण ४२०. किल्ली २५६ बिटांची. लॅटिसच्या, म्हणजे बिंदूंच्या जाळीच्या, गणिताने अशा तुकड्यांतून किल्ली जोडता येते. २०१९ च्या मिनर्व्हा हल्ल्यात स्मार्टकार्डांच्या किल्ल्या अशाच काढल्या होत्या, आणि २०२० च्या लॅडरलीकमध्ये तर दर सहीमागे एका बिटाहूनही कमी माहिती पुरली. दोन आठवडे दिव्याकडे बघायचे आणि गावाच्या दुधाचा हिशेब हवा तसा लिहायचा.

उपाय जुना आहे. ब्रम्ली आणि तुवेरी यांनी २०११ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतली हीच गळती दाखवली, तेव्हा तो सुचवला होता. के मध्ये बिंदूंची एकूण संख्या एन मिळवायची. बेरीज २५७ बिटांची झाली नाही तर आणखी एकदा एन. उत्तराचा बिंदू तोच राहतो, पायऱ्या मात्र कायम सारख्या. दोन्ही बेरजा दर वेळी करायच्या आणि हवी ती मास्कने (सगळी बिट्स शून्य किंवा सगळी एक अशा गाळणीने) उचलायची.

आता वेळ २८८ मिलिसेकंद. सुरक्षित झाले, पण मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

१ ते ९ जुलै

गुणाकाराचा आठवडा. या प्रकल्पातला माझा सर्वांत आवडता.

एका सहीत २५६ बिटांचे हजारो गुणाकार होतात, आणि लायब्ररीचा एक गुणाकार ३,१०० सायकली खातो. त्यातला मोठा वाटा गुणाकाराचा नाहीच. ५१२ बिटांचे उत्तर पुन्हा अविभाज्य संख्या पी च्या आत आणण्यात तो जातो.

पी-२५६ चा पी असा: २ चा २५६ वा घात, वजा २२४ वा, अधिक १९२ वा, अधिक ९६ वा, वजा १. इंटेलचे ग्युरॉन आणि क्रास्नोव्ह यांनी २०१३ मध्ये मोठ्या प्रोसेसरसाठी जे केले, त्याचा गाभा आमच्या छोट्या चिपलाही लागू पडतो. मॉन्टगोमेरींच्याच १९८५ च्या पद्धतीत भागाकार टाळण्यासाठी दर पायरीला एक लहान गुणक काढावा लागतो, आणि त्यासाठी एक जादा गुणाकार. पण या पी ची शेवटची ९६ बिट्स सगळी एक आहेत. त्यामुळे तो गुणक म्हणजे हाती असलेला शेवटचा शब्दच (शब्द म्हणजे इथे ३२ बिटांचा तुकडा), आणि जादा गुणाकार लागतच नाही.

दुसरी गोष्ट चिपकडून मिळाली. कॉर्टेक्स-एम४ मध्ये यूएमएएएल नावाची सूचना आहे: ३२ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार, त्यात आणखी दोन ३२ बिटांच्या संख्यांची बेरीज, उत्तर ६४ बिटांत, आणि हे सगळे एका सायकलीत. पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, दोन-दोन बेरजा केल्यावर कधीतरी उत्तर ६४ बिटांबाहेर सांडेलच. वहीत मांडून पाहिले. चारही संख्या जास्तीत जास्त घेतल्या, तर उत्तर बरोबर २ चा ६४ वा घात वजा १. काठोकाठ, एक थेंब बाहेर नाही. म्हणजे एक बेरीज आधीच्या ओळीची, दुसरी हातच्याची, आणि हातचा वेगळा सांभाळावा लागत नाही. आठ शब्दांचा आठ शब्दांशी गुणाकार म्हणजे फक्त ६४ यूएमएएएल.

खरी कसरत रजिस्टरांची, म्हणजे चिपच्या आत आकडे ठेवायच्या जागांची. तेरा हाताशी, आणि ठेवायचे आठ शब्द एका संख्येचे, एक दुसरीचा, शिवाय चालू बेरजा. कुठला शब्द केव्हा मेमरीतून आणायचा याचा तक्ता चार वेळा नव्याने काढला. चौथ्यात एक गुणाकार, पी च्या आत आणण्यासकट, ३९० सायकलींत बसला.

खरेदी विभागाने विचारले की कॉर्टेक्स-एम३ चे जुने बोर्ड पडून आहेत, ते वापरता येतील का. नाही येणार, आणि कारण फक्त वेगाचे नाही. एम३ वर यूएमएएएल नाहीच, आणि तिथला ६४ बिटी गुणाकार ३ ते ५ सायकली घेतो, आकड्यांवर अवलंबून. म्हणजे एकही ब्रांच (अटीवरून फुटणारी वाट) नसलेला कोडसुद्धा तिथे गुपित बाहेर सोडतो. हे कोड वाचून कधीच कळणार नाही. चिपच्या माहितीपुस्तकातच बघावे लागते. त्यांना तसे लेखी कळवले.

सही आता ४६ मिलिसेकंद.

१६ जुलै

दहा लाख यादृच्छिक गुणाकार बरोबर आले होते. आज फियाट-क्रिप्टोच्या कोडशी तुलना लावली. एमआयटीच्या त्या प्रकल्पात कोडसोबत त्याच्या अचूकतेची गणिती सिद्धताही मिळते. आमच्या चिपवर तो कोड माझ्याहून संथ पडतो, पण तपासनीस म्हणून त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याला यादृच्छिक आकडे न देता मुद्दाम वाकडे आकडे दिले: पी वजा १, मधले शब्द सगळे एक, मधले शब्द सगळे शून्य, अशी सरमिसळ.

सतराव्या मिनिटाला उत्तरे वेगळी आली.

चूक सहाव्या ओळीत होती. एका शब्दातून निघालेला हातचा पुढच्या शब्दात मिळवला होता, पण तो पुढचा शब्द आधीच बत्तीस एकांनी भरलेला असेल, तर हातचा त्याच्याही पलीकडे जायला हवा. मी तिथे साधी बेरीज लिहिली होती. हातच्यासकट बेरीज हवी होती. एका अक्षराचा फरक. असा शब्द यादृच्छिकपणे यायची शक्यता ४२९ कोटींत एक, म्हणून दहा लाख चाचण्यांत ती दिसणे शक्यच नव्हते.

दिवसाला १२० सह्यांत हे कधी घडणार, असे कोणी म्हणेल. पण समोरचा आकडे निवडून पाठवू शकतो. ओपनएसएसएलच्या ०.९.८जी आवृत्तीत पी-२५६ च्या अशाच एका क्वचित चुकणाऱ्या गणितावरून सर्व्हरची किल्ली काढता येते, हे २०१२ मध्ये ब्रम्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवले आहे. गणितातली चूक आणि सुरक्षेतली चूक असे दोन वेगळे कप्पे नसतात.

चूक सुधारली. मग पूर्ण गुणाकार वहीत उभ्या रकान्यांत मांडला आणि प्रत्येक हातचा जास्तीत जास्त किती असू शकतो ते शेजारी लिहिले. सहा पाने भरली. ती स्कॅन करून कोडसोबतच ठेवली आहेत.

२२ जुलै

सही काढताना बिंदू नेहमी तोच, वक्राचा मूळ बिंदू. मग त्याची काही बेरीज-वजाबाकी कारखान्यातच करून ठेवता येते. लिम आणि ली यांची १९९४ ची फणी-पद्धत घेतली. के चे ६४ बिटांचे चार तुकडे एकाखाली एक ठेवायचे आणि फणी फिरवावी तसा एकेक उभा रकाना वाचायचा. रकान्यात चार बिट्स, म्हणजे सोळा शक्यता. शून्य सोडून पंधरा बिंदू, ९६० बाइट्स. २५६ पायऱ्यांऐवजी ६४.

टेबलातून बिंदू उचलताना सरळ क्रमांकाने उचलायचा नाही. टेबल फ्लॅशमध्ये (कायमच्या मेमरीत) आहे आणि फ्लॅशच्या पुढे लहानसा कॅश (नुकतेच वाचलेले जवळ ठेवणारी मेमरी) आहे, त्यामुळे कुठली ओळ वाचली ते वेळेवरून कळू शकते. दर वेळी पंधराही बिंदू वाचायचे आणि मास्कने एकच ठेवायचा. बेरजेसाठी रेनेस, कोस्टेलो आणि बातिना यांची २०१५ ची पूर्ण सूत्रे घेतली: दोन बिंदू एकच असोत, एक अनंतावरचा असो, सूत्र तेच आणि उत्तर बरोबर. बारा गुणाकार, वक्राच्या स्थिरांकाशी आणखी दोन. जुन्या सूत्रांहून थोडी महाग आहेत, पण १७ जूनची दुसरी चूक त्यांच्यात होऊच शकत नाही. रकाना शून्य असेल तेव्हाही बेरीज करायचीच, आणि जुने उत्तर मास्कने परत घ्यायचे.

१३ लाख सायकली. साडेपंधरा मिलिसेकंद.

२९ जुलै

सहकारीने कम्पायलरची (कोडचे चिपच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती बसवली. सगळ्या चाचण्या हिरव्या. सवयीने ऑब्जडम्प (तयार झालेल्या सूचनांची यादी) काढून पाहिला, आणि मास्कने निवड करणाऱ्या फंक्शनमध्ये माझ्या कोडमध्ये नसलेली ब्रांच होती.

सी मध्ये मी लिहिले होते: बिटावरून मास्क बनव, दोन्ही संख्या मास्कमधून गाळ, जोड. कम्पायलरने ओळखले की मास्क एक तर पूर्ण शून्य आहे किंवा पूर्ण एक, आणि शून्य असेल तर आठ शब्दांची नक्कल सरळ टाळली. त्याच्या दृष्टीने काम तेच आणि जलद. अमुक आकडा गुप्त आहे, वेळेतही तो दिसता कामा नये, हे सांगायला सी भाषेत शब्दच नाही.

मास्क रिकाम्या असेंब्ली ओळीतून फिरवून आणला. त्या ओळीत सूचना एकही नसते, पण तिथून बाहेर आलेल्या आकड्याबद्दल कम्पायलर काहीही गृहीत धरू शकत नाही. ब्रांच गेली. दुसऱ्या एका जागी ब्रांचऐवजी अटीवर चालणारी लोड सूचना सापडली. अट खोटी ठरली की ती कमी सायकली घेते, म्हणून तीही काढली.

गुप्त किल्ली पुसणारी शेवटची ओळही कम्पायलरने काढून टाकली होती, कारण त्यानंतर ती मेमरी कोणी वाचत नाही. तिथे व्होलाटाइल (ही मेमरी लिहिणे टाळू नको, असे कम्पायलरला सांगणारा शब्द) घातले.

आता बिल्डमध्येच एक स्क्रिप्ट आहे. गुपिताला हात लावणाऱ्या फंक्शनांतल्या सगळ्या ब्रांच ती काढते आणि मंजूर यादीशी ताडते. एक जरी जास्त आली तरी बिल्ड थांबतो. संगणकावरच्या बिल्डला वॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाची युक्तीही लावली, अॅडम लँगली यांनी २०१० मध्ये दाखवलेली: गुप्त बाइट्स "अजून न भरलेली मेमरी" म्हणून घोषित करायचे, मग त्यांच्यावरून कुठेही ब्रांच घेतली की वॅलग्राइंड स्वतःच ओरडते.

५ ऑगस्ट

दोन दिवस एका आकड्यामागे गेले.

यंत्रावर वेळेची सांख्यिकी चाचणी लावली. सह्यांचे दोन गट: एकात किल्ली कायम तीच, दुसऱ्यात दर वेळी नवी. दोन्ही गटांच्या वेळा वेल्चच्या टी-चाचणीत घालायच्या. टी चा आकार ४.५ च्या वर गेला तर गळती आहे असे धरायचे. जुन्या लायब्ररीचा टी ६१ होता. माझ्या कोडचा ९ आला.

सगळा कोड पुन्हा वाचला. फणी, मास्क, व्यस्त काढणे (तिथे फर्माच्या प्रमेयाने ठरावीक घात, म्हणजे पायऱ्या कायम सारख्या), कुठेच काही सापडेना. शेवटी सही पूर्ण काढून टाकली आणि रिकामे फंक्शन मोजले. टी तरीही ८.

गळती मोजणीत होती. कायमची किल्ली फ्लॅशमधून येत होती आणि नवी किल्ली रॅममधून. फ्लॅशमधून वाचल्याने फ्लॅशचा कॅश आधीच हलत होता आणि त्याचा परिणाम पुढच्या मोजणीत दिसत होता. दोन्ही किल्ल्या आधी रॅममधल्या एकाच जागी ठेवल्या. टी १.७. रात्रभर चालू ठेवून पाच लाख सह्यांनंतर २.१.

८ ऑगस्ट

छोटे काम. सचिवांचा फोन यंत्राशी जोडताना त्याच वक्रावर किल्लीची देवघेव होते. फोनकडून आलेला बिंदू खरोखर वक्रावर आहे की नाही, हे लायब्ररी बघत नव्हती. मुद्दाम दुसऱ्याच, कमकुवत वक्रावरचा बिंदू पाठवून किल्लीचे तुकडे काढता येतात, हे २००० पासून माहीत आहे. वाय वर्ग बरोबर एक्स घन वजा ३ एक्स अधिक बी, एवढी एक तपासणी घातली. दोनेक हजार सायकली लागतात.

१३ ऑगस्ट

वेळेची मर्यादा १०० मिलिसेकंद आणि सही साडेपंधरात. उरलेला वेळ खर्च करायला आज बसलो. एवढे दिवस वेग वाढवला तो याचसाठी.

आरएफसी ६९७९ चा एक कमकुवतपणा आहे: संदेश तोच, तर के तोच. एकाच संदेशावर दोनदा सही करवली आणि दुसऱ्या वेळी वीजपुरवठ्याला झटका देऊन गणित चुकवले, तर एक बरोबर आणि एक चुकीची सही शेजारी ठेवून किल्ली काढता येते. आमच्या यंत्राची वायर ज्याच्या हातात आहे त्याला हे जमण्यासारखे आहे.

दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पावतीला कधीही मागे न जाणारा क्रमांक दिला, त्यामुळे तोच संदेश दोनदा येत नाही. आणि सही छापण्याआधी यंत्र स्वतःच ती तपासते. चुकली तर ती बाहेर न सोडता फेकून देते. तपासायला ३२ मिलिसेकंद लागतात. तिथे गुपित काही नसल्याने वेगासाठी ब्रांच घ्यायला हरकत नाही. याखेरीज कारखान्यात भरलेल्या बीजावरून दर सहीला एक नवी संख्या काढून बिंदूचे निर्देशांक तिने गुणतो. कोरॉन यांची १९९९ ची ही युक्ती: बिंदू तोच, पण चिपमधून फिरणारे आकडे दर वेळी निराळे.

सगळे मिळून ४९ मिलिसेकंद. पहिल्या दिवशीच्या उघड्यावाघड्या सहीला १९० लागत होते.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सत्तरी

पहाटे साडेचारला निघून खांडेपारचा पूल ओलांडून उसगावमार्गे वाळपईच्या बाजूला गेलो. यंत्र सोमवारपासून तिथल्या एका केंद्रावर लावले आहे. सहाला रांग लागली: किटल्या, स्टीलचे डबे, छत्र्या. वजन, फॅट, पावती. छपाईला दीड सेकंद लागतो, सहीचा वेळ कोणाच्या गावीही नाही.

एक आजोबा पावती दिव्याखाली धरून बघत होते. म्हणाले, "बाब, हा चौकोन कसला?" मी सांगितले की आकडा कोणी बदलला तर हा चौकोन ते सांगतो. त्यांनी नातवाला हाक मारली. नातवाने फोन धरला, हिरवी खूण आली. मग आजोबांनी खिशातून कालची पावती काढली. घामाने आणि पावसाने तिचा एक कोपरा काळा पडला होता. फोनने ती वाचलीच नाही.

"मग ही खोटी?" त्यांनी विचारले.

खोटी नाही, वाचता येत नाही, एवढेच. पण त्यांच्या दृष्टीने त्यात फरक नव्हता आणि ते बरोबरच होते. सही ६४ बाइट्सची. क्यूआर कोडमध्ये चूक सुधारण्याची पातळी आम्ही जागा वाचवायला सर्वांत खालची ठेवली होती. तिथे बसूनच ती वरच्या पातळीवर नेली. चौकोन थोडा मोठा झाला, पावती बोटभर लांबली. एका पावतीचा कोपरा मुद्दाम ओला करून चोळला आणि नातवाला दिला. वाचली.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा चवथ. ऑफिस उद्यापासून बंद, म्हणून आवृत्ती आज गोठवली.

यंत्र प्रत्येक सहीला लागलेल्या सायकली नोंदवून ठेवते. केंद्रावरून गेल्या आठवड्याची नोंद आली: सोमवार ते गुरुवार, ४८० सह्या. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ सहीत ११ सायकलींचा फरक. वेळा के च्या बिटांशी ताडून पाहिल्या, संबंध नाही. फरक फ्लॅशच्या आगाऊ वाचनाचा आहे, इंटरप्ट कुठल्या क्षणी बंद झाला त्यानुसार.

चवथीनंतर वीजपुरवठ्याला झटके देणारे सर्किट बांधायचे आहे. सही तपासणारी ३२ मिलिसेकंदांची पायरीच झटक्याने वगळता येते का, ते अजून पाहिलेले नाही. सर्किटचे सामान मागवले आहे. १३ जूनचा रेझिस्टर बोर्डावर तसाच ठेवला आहे.